पडलेला खांब

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाज ताणणं. सुंभाची बाज वर्षभरात झोळीसारखी लोंबते. पायथ्याची दोरी एकाने ओढायची आणि दुसऱ्याने धरून ठेवायची, एकट्याचं ते काम नाही. मी ओढत होतो. पारबता, माझी बायको, खाली बसून लाकडाला पाय लावून धरत होती.

"दमानं ओढा ना जी. बाज हाये, बैल नोहे," ती म्हणाली.

"तू धरून ठेव. बोलू नको."

"मी धरलीच हाये. तुमचाच हात ढिला पडून राह्यला."

दोरी ताणून झाली, मी गाठ मारली. तिने बाजेवर हात आपटून पाहिला आणि म्हणाली, "त्या जुरूकडे जाऊन या. या हिवाळ्यात तरी."

"जाईन," मी म्हणालो. सहा-सात वर्षं मी हेच म्हणत आलो होतो.

त्याच दिवशी दुपारी भांडी घासता घासता ती बसल्या जागी कलली. बोटांना राख तशीच होती. दिवस मावळायच्या आत इरई नदीच्या काठी तिला अग्नी दिला.

या अंकाचं काम पाहणारे मास्तर आमच्याच वस्तीतले. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही जुन्या वस्तूंच्या हर्रासात इतकी वर्षं पुकारा केला, त्यातल्या गमती लिहा." मी चौथी शिकलेला माणूस. गमती होत्या, दोन-तीन लिहितो. पण एक गोष्ट गमतीची नाही आणि मला तीच लिहायची आहे. एका माणसाच्या मेलेल्या बायकोचा खांब मी उचलून आणला आणि पुकारून विकला. तो परत करायचा राहिला.

हर्रास म्हणजे लिलाव. आमच्या जिल्ह्यात सागवानाच्या लाकडांचा हर्रास सगळ्यांना माहीत आहे. आमचा जुन्या वस्तूंचा. चंद्रपुरात एका शेठचं गोदाम होतं, तिथे महिन्यातल्या एका रविवारी भरायचा. ज्याला वस्तू विकायची त्याने आणून ठेवायची. शेठ तिच्यावर चिठ्ठी लावायचा, मी टेबलामागे उभा राहून पुकारायचो, ज्याची बोली सगळ्यात वर त्याची वस्तू. मी लाकडी हातोडी तीनदा आपटली की विषय संपला. मग मूळ मालकाला रडायचा हक्क नाही आणि घेणाऱ्याला पस्तावायचा नाही.

माल म्हणजे काय? जुन्या जमीनदारांच्या घरचे पानदान, समया, हंड्या. खाणीवरचे गोरे साहेब गेले तेव्हा मागे राहिलेल्या आरामखुर्च्या. भोंग्याचे ग्रामोफोन, चावीची घड्याळं, धान्य मोजायच्या पायल्या. ऊर्जानगरच्या नव्या क्वार्टरांतून माणसं कंपनीच्या बसने यायची आणि पायली घेऊन जायची. तिच्यात ती फुलं ठेवतात म्हणे. आमच्या घरी पायलीत भरायला धान्य नसायचं, त्यांच्या घरी धान्य होतं तर पायलीत फुलं.

सरकारचा कायदा होता, शंभर वर्षांवरच्या किती तरी वस्तूंची नोंद करावी लागायची. त्यामुळे आमच्या गोदामात कुठलीच वस्तू शंभरी गाठत नव्हती. शेठने सांगूनच ठेवलं होतं. मी पुकारायचो, "नव्वद वर्षं जुनी." एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काय गा, मागच्या सालीबी नव्वदचीच होती ना हे?" मी म्हटलं, "हो जी. तब्येत चांगली हाये तिची."

पुकारा माझ्या गळ्यात बापाकडून आला. बाप गावची दवंडी द्यायचा. डफडं वाजवून अख्ख्या गावाला सांगायचं, आज अमुक, उद्या तमुक, आणि बदल्यात दारोदार भाकर मागायची. छप्पन साली दीक्षा घेतली त्या आठवड्यात बापाने घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले, डफडं खुंटीवरून काढून टाकलं, आणि गावातलं मेलेलं ढोर ओढणं बंद केलं. माझी पगाराची पुकाऱ्याची नोकरी लागली तेव्हा पारबता म्हणाली, "मामंजीनं टाकलेलं तुमी उचलून आणलं." मला राग आला. पण आवाज होता आणि दुसरं काही येत नव्हतं.

पुकारणाऱ्याची अक्कल आवाजात नसते, डोळ्यांत असते. मोठे घेणारे तोंड उघडत नाहीत. नागपूरचा एक व्यापारी यायचा, तो चष्मा कपाळावर चढवायचा, ती त्याची बोली. चष्मा खिशात गेला की तो थांबला. दुसरा एक जण नुसता पाय बदलून उभा राहायचा. हे ओळखता आलं पाहिजे. मला यायचं. शेठ लोकांना सांगायचा, "हमारा आदमी चुप्पी की भी बोली लेता है." मला त्याचा अभिमान होता. आता तेच वाक्य टोचतं.

सिंदेवाहीचे एक निवृत्त कारकून होते. त्यांनी आपलं भिंतीचं घड्याळ विकायला ठेवलं. बोली चढायला लागली तसे ते खुर्चीत चुळबुळ करू लागले आणि शेवटी स्वतःच हात वर केला. हातोडी त्यांच्याच नावावर पडली. शेठचा हिस्सा देऊन आपलंच घड्याळ काखेत घेऊन निघाले. मी विचारलं, "काऊन जी असं केलं?" म्हणाले, "घरी कोनी त्याच्याकडे पाहत नाई. इथी सात जनाईले पाहिजे होतं, हे तर समजलं."

पारबताही गोदामातच कामाला होती. झाडलोट करायची, पाणी भरायची, वस्तू पुसायची. तिने पहिल्याच महिन्यात एक घोटाळा केला. गडचिरोलीकडच्या एका मोठ्या घरातून पितळेची समई आली होती, काळी-हिरवी पडलेली. चष्मेवाला व्यापारी शनिवारी येऊन पाहून गेला, फार खूश. रविवारी पाहतो तर समई सोन्यासारखी लखलखीत. पारबताने चिंच आणि राख लावून तासभर घासली होती. व्यापारी डोकं धरून बसला. "बाई, तुम्ही दोनशे वर्षं धुऊन टाकली."

पारबता म्हणाली, "दोनशे वर्सं कोनी घासली नाई, त्याची लाज ज्याची समई त्याले पाहिजे. माह्यावर काऊन चिल्लावता?"

शेठही हसला. त्यानंतर तिला फक्त लाकूड पुसायला देत.

आता खांबाचं.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन एक-दोन वर्षं झाली होती. हर्रासाला माल कमी पडायला लागला म्हणून शेठने मला आणि टेम्पोवाल्या रफीकला गावोगाव पाठवायला सुरुवात केली. आम्ही आलापल्लीच्या पुढे, भामरागडच्या वाटेने आत गेलो. त्या बाजूच्या माडिया आदिवासींच्या गावांत मेलेल्या माणसाच्या नावाने दगड किंवा कोरलेला लाकडी खांब उभा करतात. हे मला माहीत होतं. उभ्या खांबाला मी कधी हात लावला नसता, एवढं तरी मानाल.

हा पडलेला होता. रस्त्यापासून दहा पावलांवर, गवतात आडवा. माणूसभर उंचीचा. वरच्या टोकाला पक्षी, खाली हत्ती, आणि मधोमध एक फणी कोरलेली, दात न् दात मोजता येतील अशी. एका बाजूने वाळवी लागायला सुरुवात झाली होती.

मी कोण ते सांगितलंच आहे. आमच्या बापजाद्यांना गावाने एकच शिकवलं होतं, पडलं ते उचला. ढोर उभं असेपर्यंत पाटलाचं, पडलं की आमचं. बापाने ते सोडलं, पण माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. पडलं म्हणजे बेवारस, असंच मी धरलं. त्या गावांत तसं नाही. तिथे पडलेला खांब कोणी उचलत नाही, सरळही करत नाही. तो माणसाचाच असतो, माती त्याला हळूहळू नेते तोवर. हे मला फार उशिरा समजलं.

जवळच झाडाच्या बुंध्याशी एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल. मी विचारलं, "हा कोनाचा हाये?" तो बोलला नाही. हिंदीत विचारलं, "ले जाएँ?" तो माझ्याकडे पाहत राहिला.

"मुका दिसते," रफीक म्हणाला.

"गप हाये म्हणजे हो हाये," मी म्हणालो. आम्ही दोघांनी खांब उचलून टेम्पोत घातला. तो माणूस उठून उभा राहिला. टेम्पो वळेपर्यंत उभाच होता. टेम्पोवर गोदामाचं नाव रंगवलेलं होतं, कोणाला तरी ते वाचून दाखवायला लावलं असेल त्याने.

कारण पुढच्या हर्रासाला तो गोदामात आला. किती चालला, किती बस बदलल्या, कोण जाणे. खांद्यावर कापडात बांधलेलं गाठोडं. आत आला, खांब भिंतीला टेकवून ठेवला होता तिथे गेला आणि फणीवर तळवा ठेवला. मग गाठोडं खांबासमोर ठेवून सोडलं. भोपळ्याच्या तुंब्यात मध, एका पानाच्या पुड्यात चारोळी, आणि कमरेचा चांदीचा एक पट्टा, बाईमाणसाचा. सगळं नीट मांडलं आणि बाजूला जमिनीवर बसला.

शेठ ओरडला, "उसको हटा वहाँ से."

मी हटवलं नाही. ते काय चाललंय हे मी ओळखलं होतं. त्या गावांत मी फिरलो होतो. तिथे घ्यायची वस्तू असली की आपल्याकडचं समोर मांडतात आणि गप्प बसतात. समोरच्याला पटलं तर तो ते उचलतो. नाही पटलं तर तो ते परत सरकवतो. कोणी आवाज चढवत नाही, आकडा बोलत नाही.

पारबताने त्याला तांब्यात पाणी नेऊन दिलं. त्याच्यापाशी उकिडवी बसली. तिला त्याची भाषा येत नव्हती, पण बाई हातवाऱ्यांनी काय काय विचारत होती. त्याने फणीकडे बोट दाखवलं, मग तिच्या अंबाड्याकडे. ती उठून थेट माझ्या टेबलाशी आली.

"अवो, तो खांब त्याच्या बाईचा हाये. मेली ते. त्यानं सोता कोरला. जुरू नाव हाये त्याचं."

"चालू हर्रासात मधी नोको येऊ."

"मंग थांबवा हर्रास."

"मी शेठ हावो काय?"

ती टेबलाच्या बाजूलाच उभी राहिली.

खांबाची पाळी आली. मी पुकारलं, कोरीव काम, जंगलातलं लाकूड, नव्वद वर्षं जुना. सात-आठ वर्षांचा असेल तो खांब. तीन जण बोली लावत होते. एक गावात बदलून आलेले मोठे साहेब होते, कोणत्या खात्याचे ते लिहीत नाही. बोली त्यांच्यावर थांबली. मी जुरूकडे पाहिलं. तो ताठ बसला होता, समोर त्याचा मध, चारोळी आणि पट्टा. चष्मेवाल्याचा चष्मा मला लांबून दिसायचा, मग हे काय दिसत नव्हतं? दिसत होतं. मी "एक" म्हणालो. थांबलो. "दोन" म्हणालो. इतका वेळ मी कधी थांबलो नव्हतो. शेठने माझ्याकडे पाहिलं. मी "तीन" म्हणून हातोडी आपटली.

पुढचं मला लिहवत नाही, पण लिहितो. हातोडी पडली तसा जुरू उठला. धोतर खोचलं आणि खांब उचलायला वाकला. त्याला वाटलं, त्याने मांडलेलं कोणी परत दिलं नाही, हातोडी पडली, म्हणजे व्यवहार झाला. हमालांनी त्याला ढकललं. तो त्यांच्याशी भांडला नाही. माझ्याकडे वळून गाठोड्याकडे हात केला.

"दिया," तो म्हणाला. "दिया ना."

तोवर मी त्याचा आवाज ऐकला नव्हता.

मी म्हणालो, "बोली नाई लावली तू. बोली लावा लागते."

"मैनी," तो म्हणाला. बायकोचं नाव. "घरवाली."

हमाल खांब बाहेर घेऊन गेले. जुरू त्यांच्यामागे गेटपर्यंत गेला आणि तिथून पुढे रस्त्याला लागला. मांडलेलं त्याने परत उचललं नाही. मध चौकीदाराने खाल्ला. पट्टा शेठने कपाटात टाकला आणि पुढच्या हर्रासात तोही मीच पुकारला. चारोळी मी घरी नेली. पारबताने विचारलं, कोणाची. मी सांगितलं. तिने पुडा उघडलासुद्धा नाही, सकाळी इरईत सोडून आली.

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "तुमच्या चष्मेवाल्याचं गप बसनं बराबर समजते तुमाले. याचं नाई समजलं?"

मी भाकर मोडत राहिलो.

"जंगलात तो गप होता तं तुमी हो धरलं. गोदामात गप होता तं नाई धरलं. दोन्ही खेपेले तुमचंच कसं बराबर निंगते हो?"

मला फार राग आला. ताट सरकवून उठलो.

तिने गोदामाचं काम सोडलं. शेताच्या कामाला, धानाच्या रोवण्याला जायला लागली. माझ्यामागे एकच लावून धरलं, खांब त्या साहेबाकडून मागून आणा आणि जुरूला नेऊन द्या. विकलेली वस्तू घेणाऱ्याकडून परत मागायची नाही, हा धंद्याचा नियम. मी सहा महिने त्या नियमामागे लपलो. मग एक दिवस तिचं तोंड थांबावं म्हणून साहेबाच्या बंगल्यावर गेलो.

खांब व्हरांड्यात होता. वरचा पक्षी करवतीने कापून माथा सपाट केला होता. त्यावर फुलझाडाची कुंडी होती. कुंडीतलं पाणी झिरपून फणीच्या दातांवरून खाली ओघळलं होतं, पांढरे डाग पडले होते. साहेबांची बाई बाहेर आली, म्हणाली, "काय पाहिजे बाबा?" मी म्हणालो, "काई नाई बाई, रस्ता चुकलो." आणि परत आलो.

पारबताला सांगितलं, साहेब घरी नव्हते. दुसऱ्यांदा सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत. वर्षभरात त्यांची बदली झाली, सामानाचा ट्रक दिल्लीकडे कुठे तरी गेला, हे मला शेठकडून कळलं. पारबताला मी ते सांगितलं नाही. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की खांब इथेच आहे, मी मनावर घेत नाही एवढंच. म्हणून दर हिवाळ्यात म्हणायची, निदान जुरूकडे जाऊन तरी या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, तिच्याशी खोटं बोललो ते एवढंच, आणि तेच टिकलं.

लोक म्हणतील, एका लाकडाचं किती घेऊन बसला. मीही तसंच म्हणायचो. देव नदीत सोडलेल्या घरातला मी, लाकूड म्हणजे लाकूड. पण जुरू त्या खांबाला देव म्हणत नव्हता. तो घरवाली म्हणत होता.

पारबताला अग्नी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला. मुलगी सुधा दोन गल्ल्या पलीकडे राहते, ती आदल्या दिवसापासून घरीच होती.

"बाबा, कुठी चालले?"

"आलापल्लीच्या गाडीनं जातो."

"आज? राख थंडी नाई झाली आईची. लोकं येतील भेटाले, मी काय सांगू त्याईले?"

"बसव त्याईले. चहा दे."

"बाबा, तुमी ठीक हाये ना?"

"नाई," मी म्हणालो आणि निघालो.

आलापल्लीला उतरून भामरागडच्या वाटेची जीप धरली, पुढे चाललो. उन्हं कलायच्या सुमाराला गाव लागलं. जुरू अंगणात बांबूच्या काड्या सोलत बसला होता. केस पांढरे झालेले. त्याने मला लगेच ओळखलं, हे त्याच्या हातावरून कळलं, विळा थांबला. मी त्याच्यासमोर मातीत बसलो. माझ्या मोडक्या हिंदीत एकेक सांगितलं. की खांब तुझ्या समोरून मी उचलला. की तू मांडलेलं मला दिसलं होतं आणि तरी मी हातोडी मारली. की पक्षी कापला, खांब फार लांब गेला, तो आता येत नाही. की आजवर मी आलो नाही कारण तोंड नव्हतं.

तो ऐकत होता.

मग त्याने विचारलं, "पानीवाली?"

मी म्हणालो, "कल जलाया."

जुरू बराच वेळ बोलला नाही. माझ्याकडे पाहत होता, मग सोललेल्या काड्यांकडे. मी विचारलं नाही. त्या गप्प बसण्याला मी हो धरलं नाही, नाहीही धरलं नाही. बसून राहिलो.